नव्वद-शून्य

मनगटातून घातलेली नळी अजून हृदयापर्यंत पोचलीही नव्हती, आणि भिंतीवरच्या पडद्यावर निकाल लागलेला होता. डावीकडच्या पुढच्या वाहिनीत अडथळा. एक स्टेंट. संकेतांक एकवीस-चार. विमा मंजूर.

टेबलावरचे गृहस्थ पूर्ण जागे होते. मान वळवून त्यांनी तो हिरवा उजेड पाहिला आणि विचारलं, "झालं का?"

"अजून सुरू व्हायचंय, काका," टेक्निशियन म्हणाली.

काचेच्या पलीकडे, एका टेबलाच्या आणि दीड खुर्चीच्या खोलीत बसलेल्या त्रिशला मगदूमनी 'सहमत' या बटणावर बोट टेकवलं. सकाळपासूनची ती सहावी फाइल होती. मिरजेतल्या या हृदयालयात त्यांचं काम आता एवढंच उरलं होतं.

एके काळी ते काम मोठं होतं. हृदयात नळी घालून डॉक्टर जे जे करतात ते सगळं आकड्यांत लिहावं लागतं. नळी मनगटातून गेली की जांघेतून, किती वाहिन्या पाहिल्या, फुगा फुगवला का, स्टेंट बसवले तर किती, आणि शेवटी रोग कोणता. प्रत्येक गोष्टीला ठरलेला संकेतांक. डॉक्टरांचा चार पानी अहवाल विमा कंपनीत कुणी वाचत नाही, सरकारी योजनेच्या कचेरीतही नाही. तिथं आकडा वाचतात. अहवाल वाचून बरोबर आकडा लावायचा, याला संकेतन म्हणतात. त्रिशलाबाईंनी ते बावीस वर्षं केलं. त्यांच्या हाताखाली अकरा माणसं होती, वरच्या मजल्यावर एक मोठा हॉल होता आणि दुपारी डबे उघडले की पाच घरांच्या आमट्यांचा वास एकत्र व्हायचा.

चार वर्षांपूर्वी 'पूर्वसंकेत' आला. नावाप्रमाणेच ती प्रणाली संकेतांक आधी सांगायची. रुग्णाचा कार्डिओग्राम, रक्ताच्या तपासण्या आणि त्यानं पाच मिनिटं मायक्रोफोनसमोर सांगितलेली तक्रार एवढ्यावरून नळी घातली तर आत काय सापडेल, हे तिला कळे. शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा ते खरं निघे. ही काही वाईट गोष्ट नव्हती. पूर्वी तीन माणसांना नळी घातली तर एकाच्या हृदयात काहीच सापडायचं नाही, आणि उगाच त्याच्या अंगाला सुई, जिवाला घोर. ते थांबलं. म्हणून सरकारनं नियम केला, की पूर्वसंकेतानं 'काही सापडणार नाही' म्हटलं तर नळीला मंजुरी नाही. कायद्यासाठी दर रुग्णालयात एक माणूस ठेवायचा. त्याच्यासमोर दोन मोठी बटणं, सहमत आणि असहमत. कोपऱ्यात तिसरं बारीक बटण, 'आधार दाखवा'. ते कुणी दाबल्याचं त्रिशलाबाईंना आठवत नव्हतं. त्यांनी स्वतःही कधी दाबलं नव्हतं.

ऑगस्टातल्या त्या मंगळवारी, साडेअकराच्या सुमाराला, सिस्टर सुवार्ता सातपुते त्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"येऊ का गं आत? का साहेबीण झालीस?"

त्रिशलाबाई उठून उभ्या राहिल्या. छप्पन्न वर्षांच्या झाल्या तरी सिस्टर दिसल्या की त्या उठत. कॉमर्सची पदवी घेऊन त्या इथं लागल्या तेव्हा त्यांना शीर आणि धमनीतला फरकही माहीत नव्हता. कॅथलॅबच्या, म्हणजे नळी घालण्याच्या खोलीच्या, मुख्य परिचारिका असलेल्या सुवार्ताबाईंनीच त्यांना शिशाचा जड एप्रन घालून काचेमागं उभं केलं होतं आणि पडद्यावर काळ्या रेघा उमटायला लागल्यावर सांगितलं होतं, "हा डाय. रंग आहे, क्ष-किरणांत दिसतो. आता तो कुठं अडतो ते बघ. नुसतं कागदावरून आकडे लावू नकोस, आधी बघायला शीक." तीन वर्षांपूर्वी सिस्टर निवृत्त झाल्या. तरी महिन्यातून एकदा यायच्या, दहा मिनिटं बसायच्या, सगळ्यांची चौकशी करून जायच्या.

"आज भेटायला नाही आले," त्या म्हणाल्या. "पेशंट म्हणून आलेय. माझी फाइल येईल तुझ्याकडं."

"काय झालं, सिस्टर?"

"छातीत येतं. गंमत बघ, धुणं पिळताना नाही येत. पिळून झालं, जरा टेकले, की मग. इथं, मुठीएवढं. जबड्यापर्यंत जातं." त्यांनी गालाखाली बोट ठेवलं आणि हसल्या. "हजारो बायकांकडून हे ऐकलं मी त्या टेबलाशेजारी उभी राहून. आता मी सांगत होते आणि ते मशीन ऐकत होतं. मध्ये एकदा 'हं' सुद्धा म्हणालं नाही बघ."

फाइल बाराला आली. पूर्वसंकेताचं उत्तर होतं नव्वद-शून्य. छातीत दुखणं, हृदयाशी संबंध नाही. नळीची गरज नाही. डॉक्टर पटवेगारांनी तपासून खाली सही केली होती.

त्रिशलाबाईंनी कार्डिओग्राम उघडला. साफ होता. रक्त साफ होतं. त्यांचं बोट 'असहमत'वर गेलं आणि तिथंच थांबलं. असहमत म्हटलं की कारण लिहावं लागतं, मग फाइल पुण्याला तपासनिसांकडं जाते. कारण काय लिहिणार? माझी मैत्रीण आहे म्हणून? ओळखीच्या माणसाची फाइल वेगळ्या हातानं उचलायची नाही, हा त्यांचा बावीस वर्षांचा नेम होता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी 'सहमत' दाबलं. सगळं मिळून पाऊण मिनिटही गेलं नसेल.

बाहेर बाकावर सिस्टर बसल्या होत्या.

"काही नाही, सिस्टर. ॲसिडिटी असेल. सर गोळ्या देतायत."

सुवार्ताबाईंनी त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं. "तू बघितलंस ना नीट?"

"बघितलं."

"मग झालं तर," असं म्हणून त्या पिशवी घेऊन उठल्या.

त्यानंतर बाराव्या दिवशी, सकाळी अंगण झाडून झाल्यावर, सुवार्ताबाई व्हरांड्यातल्या खुर्चीत टेकल्या. त्यांचे यजमान शांतवन सातपुते आत चहा करत होते. ते निवृत्त चित्रकला शिक्षक. कप घेऊन बाहेर आले तेव्हा बायकोचा डोळा लागला असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी कप शेजारी ठेवला, वर बशी झाकली, आणि आवाज न करता पेपर वाचत बसले. वीस मिनिटं ते तसेच बसून होते.

दफनाला अर्धं रुग्णालय आलं होतं. प्रार्थना संपली, लोक एकेक मूठ माती टाकून मागं सरायला लागले. त्रिशलाबाई पुढं झाल्या तेव्हा शांतवनसरांनी त्यांचा हात धरला. "तिला भीती नव्हती गं," ते म्हणाले. "शेवटपर्यंत नव्हती. मी म्हटलं, आपण कोल्हापूरला दाखवू. तर म्हणाली, कशाला? त्रिशलानं बघितलंय." त्यांना ते दिलासा म्हणून सांगायचं होतं. त्रिशलाबाईंच्या मुठीतली माती मुठीतच राहिली. फाटकाबाहेर आल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं.

तिसऱ्या दिवशी सिस्टरांची फाइल पुन्हा पडद्यावर आली. रुग्णालयात मृतावस्थेत आणलेल्या माणसाचाही एक शेवटचा संकेतांक असतो. पूर्वसंकेतानं तो लावला होता: मृत्यू आकस्मिक, हृदयेतर कारण संभाव्य. त्याच्या दृष्टीनं ते सुसंगत होतं. बारा दिवस आधी ज्या बाईच्या हृदयात काही नव्हतं, ती हृदयानं कशी जाईल? खाली नेहमीची दोन बटणं उजळली.

त्रिशलाबाई बराच वेळ त्या ओळीकडं पाहत बसल्या. मग त्यांनी कोपऱ्यातलं बारीक बटण दाबलं. आधार दाखवा.

पडदा क्षणभर पांढरा झाला. मग यादी आली. स्त्री, पन्नास ते सत्तर, बसल्यावर येणारी वेदना, मोठ्या वाहिन्या मोकळ्या. अशा बाराशे चौदा जुन्या नोंदींवरून निष्कर्ष: नव्वद-शून्य. प्रत्येक नोंदीच्या शेवटी बारीक अक्षरांत रुग्णालयाचं नाव आणि आकडा लावणाऱ्याची सही होती. त्यांनी पहिली नोंद पाहिली, दहावी पाहिली, मग भराभर खाली जात राहिल्या. सगळीकडं तीच सही होती. संकेतन: टी. मगदूम.

पूर्वसंकेताला शिकवायचं ठरलं तेव्हा या भागातल्या जुन्या, नीट ठेवलेल्या नोंदींचा शोध झाला होता. मिरजेच्या नोंदी सगळ्यांत नीट निघाल्या. एकही रकाना रिकामा नाही, एकही खाडाखोड नाही. त्याबद्दल त्रिशलाबाईंना प्रशस्तिपत्र मिळालं होतं. ते घरी, शोकेसमध्ये होतं.

पहिली नोंद एकवीस वर्षांपूर्वीची होती, आणि ती बाई त्यांना आठवली. कवठेमहांकाळची. भामाबाई. तिच्या मोठ्या वाहिन्या मोकळ्या होत्या, पण डाय पुढं सरकायला फार वेळ घेत होता. म्हणजे पडद्यावर न दिसणाऱ्या केसासारख्या बारीक वाहिन्या आखडत होत्या. त्या दुखण्यालाही संकेतांक होता, चव्वेचाळीस-सात. त्रिशलाबाईंनी तोच लावला होता. विमा कंपनीनं फाइल परत पाठवली: पुरावा जोडा. पुरावा द्यायचा तर बारीक वाहिन्यांची वेगळी चाचणी हवी, आणि ती तेव्हा मिरजेत होत नव्हती. फाइल तीनदा गेली, तीनदा आली. मंजुरी नाही तोवर बाईला घरी सोडता येईना. भामाबाई तीन दिवस बाकावर बसून होती. घरी सून दिवसात होती, आणि ही बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, "माझा कागद आला का हो?"

तेव्हाचे मोठे डॉक्टर म्हणाले होते, "जो आकडा पास होतो तो टाका आणि मोकळ्या व्हा." ते त्रिशलाबाईंनी मनावर घेतलं नव्हतं. मग सिस्टर आल्या होत्या. "अगं, सोड ना तिला. सून अवघडलीय तिची. त्या आकड्यानं बाईचं काय बदलणार आहे? गोळ्या त्याच, पथ्य तेच. घरी तर जाऊ दे." त्रिशलाबाईंनी चव्वेचाळीस-सात खोडून नव्वद-शून्य लावला. दहा मिनिटांत मंजुरी आली. भामाबाईनं जाताना दोघींच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली होती.

दुसऱ्या वेळी सिस्टरांना सांगावं लागलं नाही. तिसऱ्या वेळी त्रिशलाबाईंनी विचारही केला नाही.

त्यांनी त्या नोंदीला जोडलेले जुने कागद उघडले. पूर्वी परिचारिका टेबलाशेजारी हातानं टिपण लिहीत, आणि त्या कागदाचा फोटो फाइलला जोडून ठेवत. भामाबाईच्या टिपणात खाली, नाडी आणि रक्तदाबाच्या आकड्यांनंतर, सिस्टरांच्या तिरक्या अक्षरात दोन शब्द होते. डाय हळू.

दुसऱ्या फाइलीत ते शब्द नव्हते. तिसरीत होते. सहावीत होते, सातवीत होते. पूर्वसंकेताला फक्त आकडे शिकवले होते. या कागदांची चित्रं त्यानं कधी वाचलीच नव्हती. त्याला वाचायला कुणी सांगितलंही नव्हतं.

पुढचे नऊ दिवस त्रिशलाबाई रोजच्या फाइली संपवून त्या बाराशे चौदा नोंदी एकेक उघडत होत्या. डोळे चुरचुरायचे. जेवणाचा डबा कधी उघडायचा, कधी तसाच घरी जायचा. सरतेशेवटी आकडा हाती आला. तीनशे अठ्ठ्याऐंशी बायकांच्या टिपणात 'डाय हळू' होतं, आणि तीनशे अठ्ठ्याऐंशी जणींना त्यांनी हृदयात काही नाही असं लिहून घरी पाठवलं होतं.

मग त्यांनी फोन लावायला घेतले. पहिल्या चाळिसांतले एकोणीस लागले. सात ठिकाणी मुलानं किंवा सुनेनं उचलला. आई गेली, सासूबाई गेल्या. कशानं? अचानक. झोपेत. देवळात बसल्या बसल्या. सगळ्याच त्यानंच गेल्या असतील असं नव्हे, वय झालं होतं, एवढं त्रिशलाबाईंनाही कळत होतं. पण फाइल डिस्चार्जच्या तारखेला संपत असे, त्यामुळं त्यानंतर कोण जगलं आणि कोण नाही, हे बावीस वर्षांत त्यांना कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

जतजवळच्या एका खेड्यातल्या बाईनं स्वतः फोन उचलला. वय सत्तरच्या पुढं असावं.

"आजी, तुमच्या छातीत दुखायचं, त्यासाठी तुम्ही मिरजेला आला होता. आठवतंय?"

"आठवतंय की."

"अजून दुखतं का?"

पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता. बाई म्हणाली, "दुखतंय. पर तुमीच सांगितलं न्हवं, काय न्हाई म्हून? मालक म्हनले, ढोंग करतीया. पोरं म्हनली, आई, डाक्टरनं बघितलंय. मग म्या सांगायचंच सोडलं." आणि काळजीनं, "का वो? काय झालं? तुमच्या नोकरीला काय तरास झाला का?"

त्रिशलाबाईंनी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकलं. दारावरून जाणाऱ्या टेक्निशियननं विचारलं, "मॅडम, बरं वाटत नाही का?" त्यांनी मान न उचलताच हात हलवला.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टर पटवेगारांच्या खोलीत गेल्या. डॉक्टर पंचेचाळिशीचे, शांत स्वभावाचे. त्रिशलाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. ऐकताना ते चष्मा काढून पुसत राहिले.

"मॅडम," शेवटी ते म्हणाले, "हे आणखी कुणाला सांगितलंय?"

"नाही. आधी तुम्हाला."

"वकिलाशी बोलल्याशिवाय काही लिहून देऊ नका. तुमची पेन्शन आहे, नाव आहे. आणि हे तुम्ही एकट्यानं केलेलं नाही. सगळ्या महाराष्ट्रात हेच होत होतं."

"माझ्या सहीनं जे झालं, तेवढं मी लिहून देणार."

डॉक्टर उठून खिडकीशी गेले. "सिस्टरांची फाइल मीही पाहिली होती," ते पाठमोरेच म्हणाले. "शंभरात सत्त्याण्णव. मला वाटलं, माझ्या अंदाजापेक्षा ते बरं. त्या मला म्हणाल्या, सर, एकदा नळी घालून बघा, मला हे दुखणं ओळखीचं वाटतंय. मी हसलो." ते वळले. "विचित्र काय आहे माहितीये? आता आपल्याकडं बारीक वाहिन्यांची ती चाचणी आहे. दाब मोजणारी तार आहे, औषधं आहेत. पण मंजुरीच नाही, तर बाई टेबलापर्यंत येणार कशी? मला महिन्याला पाच विशेषाधिकार आहेत. पाच रुग्णांना मी पूर्वसंकेताच्या विरुद्ध आत घेऊ शकतो. आजपासून ते पाचही या बायकांसाठी ठेवतो. माझ्या हातात एवढंच आहे."

जुनी नोंद बदलता येत नव्हती. पण तिला दुरुस्ती जोडता येत होती, प्रत्येक नोंदीला वेगळी, प्रत्येकीखाली कारण आणि सही. कारणाच्या रकान्यात त्रिशलाबाईंनी एकच वाक्य लिहिलं: 'परिचारिकेच्या टिपणात डाय हळू असल्याची नोंद असताना मी चुकीचा संकेतांक लावला.' सगळ्यांना एकदम चिकटवायची सोय होती. त्यांनी ती वापरली नाही. प्रत्येक वेळी बाईचं नाव वाचलं, गाव वाचलं, आणि वाक्य पुन्हा टाइप केलं. शेवटची दुरुस्ती सिस्टरांच्या फाइलीला जोडली. तिथं वेगळं कारण लिहायचं होतं, ते सुचायला सगळी दुपार गेली. शेवटी लिहिलं, 'मी नीट पाहिलं नाही.'

आठवड्यानं प्रणालीचं उत्तर आलं. 'आपल्या ३८९ दुरुस्त्या स्वीकारल्या आहेत. पुढील शिक्षणसत्र: मार्च.' म्हणजे पूर्वसंकेत मार्चमध्ये पुन्हा अभ्यासाला बसेल तेव्हा हे शिकेल. तोवर जे शिकला आहे त्यावरच तो चालणार. तेव्हा ऑक्टोबर नुकता लागला होता.

रविवारी सकाळी त्रिशलाबाई शांतवनसरांकडं गेल्या. सर जमिनीवर बसून सिस्टरांचे पांढरे गणवेश घडी करून खोक्यात ठेवत होते. निवृत्तीनंतरही त्यांनी ते जपून ठेवले होते.

"नर्सिंगच्या मुलींना देतोय," ते म्हणाले. "कापड चांगलं आहे अजून. बस."

त्या खाली त्यांच्यासमोर बसल्या आणि सगळं सांगितलं. मशीननं कशावरून ठरवलं, ते कुणी शिकवलं, बाराशे चौदा, तीनशे अठ्ठ्याऐंशी. पाऊण मिनिटाचंही सांगितलं. सर ऐकत होते आणि हातातल्या गणवेशाची एकच बाही पुन्हा पुन्हा सरळ करत होते.

"सुवार्ताला माहीत होतं?" त्यांनी विचारलं. "तू असा आकडा लावायचीस ते?"

'नाही' हा शब्द त्रिशलाबाईंच्या अगदी ओठांवर होता. तो उच्चारला असता तर सगळं सोपं झालं असतं. सरांना राग धरायला एक माणूस मिळाला असता, गेलेलं माणूस स्वच्छ राहिलं असतं, कुणाचंही काही बिघडलं नसतं. असेच सोपे शब्द त्या वर्षानुवर्षं लिहीत आल्या होत्या.

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. बाईला घरी जाऊ दे म्हणाल्या. त्यांना कीव आली होती, सर. मलाही आली होती. पण टिपणात त्यांनी दर वेळी खरं तेच लिहिलं. मी लिहिलं नाही."

सरांनी गणवेश खोक्यात ठेवला. मग तो पुन्हा बाहेर काढून मांडीवर घेतला. त्यांचा चेहरा आक्रसत गेला, आणि त्रिशलाबाईंना वाटलं, आता हे आपल्याला जा म्हणतील. सर रडले. फार आवाज न करता, गणवेशाच्या कापडात तोंड धरून. त्रिशलाबाई समोर बसून राहिल्या. पाठीवर हात ठेवायचा हक्क आपल्याला उरला आहे का, हे त्यांना ठरवता येईना.

बऱ्याच वेळानं सरांनी तोंड पुसलं. "ती मला सांगायची," ते म्हणाले, "की बायका टेबलावर झोपल्या की पहिल्यांदा माफी मागतात. तुम्हाला त्रास देतेय म्हणून. ती त्यांना रागवायची." मग शिकवताना विचारत तसं, नेमकं, त्यांनी विचारलं, "ते मशीन मार्चपर्यंत असंच राहणार?"

"हो."

"अशा बायका किती येतात?"

"रोज एक. कधी दोन."

"आणि डॉक्टरांकडं महिन्याला पाच."

"पाच. बाकीच्यांना मी असहमत लावतेय. पुण्याहून फाइल यायला तीन आठवडे लागतात."

सर मनाशी हिशेब करत होते ते दिसत होतं. बाहेर चर्चमधून लोक परतत होते. कुणीतरी फाटकाशी थांबून हात वर केला, सरांनीही केला. मग ते त्रिशलाबाईंकडं वळले. आवाजात राग नव्हता. असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"मग त्यातल्या पाच जणी कोणत्या," त्यांनी विचारलं, "हे उद्या सकाळी कोण ठरवणार, त्रिशला?"